मुलाखतीचा चौथा प्रश्न

गोडादरा, सुरत
रविवार, ८ जून २०२५

आदरणीय उषाबाई,

सायली हिलाल पाटील हिचा वाकून नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. अमळनेरला उन्हाळा उतरला का? गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक. पप्पा अजून कापड कारखान्यात लूमवर जातात.

माझं बी.एड. झालं. उद्या सकाळी अकरा वाजता मुलाखत आहे, इथल्या आपल्याच शाळेत. तुमच्याच वर्गासाठी म्हटलं तरी चालेल, फक्त तो आता इंग्लिश मिडियमचा आहे.

माझी मैत्रीण प्रिया म्हणते, शेवटी ट्रस्टी विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का, आणि गप्प बसणारा बावळट ठरतो. म्हणून दुपारी प्रश्न काढायला बसले. वर्गात मुलं किती? कायम कधी करणार? घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी जड गेलं तर काय करायचं? चौथा प्रियाने सांगितला: आधीच्या बाई का गेल्या? तो लिहिला आणि वही मिटली.

कारण उत्तर मला पाठ आहे. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पालकांनी शाळेला अर्ज दिला, मराठी वर्ग बंद करा, इंग्रजी सुरू करा. पप्पा मला म्हणाले, "माय, तुनं अक्षर चांगलं शे, तूच लिख." मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'बाई जुन्या पद्धतीने शिकवतात, मुलं मागे पडतात.' ते मला कुणी सांगितलं नव्हतं, बाई. अर्जात जोर यावा म्हणून मीच घातलं.

ट्रस्टींनी तो कागद तुमच्यासमोर ठेवला तेव्हा तुम्ही अक्षर ओळखलंच असणार. त्याला वळण तुम्हीच लावलेलं. तरी वर्ग बंद होऊन तुम्ही निघालात, त्या निरोपाच्या दिवशी मी आले, तर माझ्या डोक्यावरून हात फिरवलात.

उद्या मी पहिले तीनच विचारणार आहे. चौथा विचारला आणि त्यांनी तुम्हाला नावं ठेवली, तर मी मान डोलावीन. मला माझी खात्री आहे. वर लिहिलं ते खरं नाही, पप्पांच्याने आता लूम होत नाही. त्यांना ऐकू येत नाही आणि पाळीभर उभं राहवत नाही. ही नोकरी मला हवीच आहे.

तुम्ही जा म्हणाल की नको, ठाऊक नाही. नको म्हणालात तर ऐकायचं धैर्य माझ्यात नाही. म्हणून हे पत्र मी मुलाखत झाल्यावर, मंगळवारी टाकीन.

माफी मागायचा हक्क नसलेली, तरी तुमचीच विद्यार्थिनी,
सायली