नाव नसलेली वही

सोलापूर, १२ जानेवारी

प्रिय गुरु,

मासिक पोस्टाने आलं. क्लिंगॉन वाक्यरचनेतल्या संदिग्धतेवरचा आपला लेख, आणि वर नाव एकट्या तुझं. सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघत उभ्यानेच वाचला. दोन रिक्षा सोडल्या.

सिनेमातल्या परग्रहावरच्या योद्ध्यांसाठी रचलेली भाषा आपण अकरा वर्षं शिकलो. लोक हसले, हसू दे. एकच वही जेऊरला तुझ्याकडे, मग इथे माझ्याकडे, अशी फिरायची. नोंदीखाली नाव लिहायचं नाही, म्हणजे माणूस न बघता मुद्द्याशी भांडता येईल. परवा फोनवर तू नेमकं तेच ऐकवलंस, "नावं नकोत हा नियम तुझाच की, श्रीदेवी." हो, माझाच. पण तो वहीपुरता होता. छापताना तुला तुझं नाव मात्र बरं आठवलं.

रागाच्या भरात मी संपादकांना कळवून टाकलं, की धनगराचं उदाहरण माझं आहे. त्या भाषेत कर्म आधी, मग क्रियापद, शेवटी कर्ता. खुणेचा प्रत्यय लावला नाही, तर 'धनगराने पाहिलेली शेळी' आणि 'शेळी पाहिलेला धनगर' एकसारखंच लिहिलं जातं. पुढे 'हरवलं' म्हटलं, तर हरवलं कोण, शेळी की धनगर? धनगरांचं सांगोला माझं माहेर. हे उदाहरण माझ्याशिवाय कुणाचं असणार?

पत्र टाकल्यावर चैन पडेना, म्हणून जुनी डायरी काढली. चौदा ऑगस्टच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: 'गुरुचं धनगराचं उदाहरण वाचलं. खोडायला तीन दिवस बसले, जमलं नाही.' इतक्या वर्षांत ते मी माझं कधी करून टाकलं, कळलंही नाही. लाज वाटली. राग मात्र गेला नाही. कारण लेखाचा उत्तरार्ध, वाचणारा मागचंपुढचं धरून अर्थ कसा लावतो तो सगळा भाग, वहीतल्या माझ्या बावीस पानांवरून उचललेला आहे. माझं अक्षर तू ओळखतोस. आणि वही तुझ्याकडे आहे.

डायरीतलं ते पान फाडलं असतं, तर कुणालाच कळलं नसतं. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. दुसरी आज सकाळीच संपादकांना पाठवली, उदाहरण गुरुचं, मी चुकले, असं लिहून. तुला लिहायला बसले ते एवढ्यासाठीच. आता त्या बावीस पानांची झेरॉक्स तू काढ. मला नको, त्यांना पाठव. आणि प्रत्येक पानाखाली नाव लिही.

तुझीच, नियम मोडून नावासकट,
श्रीदेवी