शून्य अपत्य सन्मान योजना

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहायचं. मोजकं, मुद्देसूद. लोकसंख्या नियंत्रण कार्यालयात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाची डायरी पुढेमागे कुणाला तरी उपयोगी पडेलच.

यंदाचे संकल्प : वजन चार किलो कमी करणे. रेकॉर्ड रूमच्या दारापाशी असलेलं टेबल सोडून खिडकीजवळचं मिळवणे. लग्न करणे.

शेवटच्याबद्दल आईला एवढ्यात काही सांगायचं नाही. उगाच डोकं खाईल. वय त्रेचाळीस आहे, घाई कसली?

संध्याकाळी ६.३०
धाकट्या बहिणीने तिच्या तिन्ही मुलांना नेहमीप्रमाणे आमच्याकडे आणून सोडलं. तिची संध्याकाळची पाळी संपेपर्यंत आई सांभाळते. कायदा सांगतो, दोन पुरे. हिला तीन. तिसरी चार वर्षांची आहे, तिचं नाव मी 'उल्लंघन' ठेवलंय. उल्लंघनने आज माझ्या कॅल्क्युलेटरचं बेरजेचं बटण उपटलं. बहिणीला धोरण समजावून सांगितलं. ती म्हणाली की धोरण राहू दे, आधी हिचं नाक पूस. पुसलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
आरोग्य केंद्राच्या नर्सबाई दर गुरुवारी आठवड्याचा तक्ता घेऊन येतात. वय अंदाजे अडतीस, अविवाहित (पगारपत्रक पाहिलंय). एकाही तक्त्यात बेरीज चुकत नाही. आज माझं पेन घेतलं आणि परत देताना टोपण लावून दिलं. एकोणीस वर्षांत या ऑफिसात असं कुणी केलेलं नाही.

ठरलं. पुढच्या गुरुवारी विचारायचं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
विचारता आलं नाही. निळा शर्ट लॉन्ड्रीत. चौकड्यांच्या शर्टात असलं काही विचारत नाहीत.

१३ फेब्रुवारी
साहेबांची मीटिंग. वरून आदेश आलाय, तीन महिन्यांत काहीतरी नवं करून दाखवा. सगळे टेबलाकडे बघत बसले. मी उठलो. म्हणालो, दोन मुलंवाल्यांचे सत्कार आपण वर्षानुवर्षं करतोय, पण दोन म्हणजेसुद्धा भरच की! ज्याने देशावर एकाही माणसाचा भार टाकलेला नाही, त्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही. शून्य अपत्य सन्मान योजना! प्रमाणपत्र, भेटवस्तू आणि खिडकीजवळचं टेबल.

साहेबांनी विचारलं, ऑफिसात असे किती आहेत. मी थोडं आठवल्यासारखं केलं आणि सांगितलं, दोन. मी आणि स्टोअरकीपर. साहेब म्हणाले, नियमावली तूच लिही.

१६ फेब्रुवारी
नियमावली चालू. एकच अडचण, स्टोअरकीपर. वय छत्तीस. त्याचंही शून्य माझ्याइतकंच, शिवाय साहेबांबरोबर बॅडमिंटन खेळतो आणि हसतो चांगला. याला बाजूला कसा सारायचा?

दुपारी ३.४० ला सुचलं. कलम सात : सन्मानार्थी पुढील दहा वर्षे विवाह करणार नाही, असे लेखी हमीपत्र देईल. हा पठ्ठ्या चहाच्या वेळी उघड सांगत असतो की आता आपलं घर पाहिजे, आपलं माणूस पाहिजे. गेला बाराच्या भावात.

माझं काय, हा प्रश्न गौण आहे. नियम लिहिणारा मीच. मागाहून कलम आठ टाकायचं : अपवादात्मक परिस्थितीत कलम सात शिथिल. झालं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
विचारलं नाही, पण प्रगती भरपूर. नर्सबाई आपणहून बोलल्या. मला मुलं आवडतात का, असं विचारलं. मी लगेच हिशेब मांडला : रोज एक बादली धरली तरी एक मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत नुसत्या आंघोळीला ६,५७० बादल्या पाणी लागतं. लीप वर्षं वेगळी. त्यांनी तक्ता पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत तपासला. छाप पडली.

२७ फेब्रुवारी
स्टोअरकीपर टेबलापाशी आला. कलम सात मी खरंच पाळणार का, असं विचारत होता. दोनदा विचारलं. मी म्हटलं, देशासाठी काय वाट्टेल ते. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मनापासून आभार मानले. स्वतःचा अर्जही मागे घेतला. त्यागाची किंमत कळणारा एक तरी माणूस इथे आहे म्हणायचा! त्याच्याविषयी पूर्वी लिहिलेलं थोडं सौम्य करायला हवं.

५ मार्च, गुरुवार
विचारता आलं नाही. डब्यात कच्चा कांदा होता. आईला असले दिवस बरोबर कळतात.

नर्सबाईंना बसायला स्टोअरकीपरने खुर्ची आणून दिली. माझं बघून लोक शिकतायत.

१२ मार्च, गुरुवार
सर्दी. नाक चोंदलेलं असताना 'माझ्याशी लग्न कराल का' हे नीट उच्चारता येत नाही. आरशासमोर करून पाहिलं.

१९ मार्च, गुरुवार
सर्दी बरी. त्या रजेवर. कमाल म्हणजे स्टोअरकीपरही रजेवर. साथ आलेली दिसते.

२ एप्रिल, गुरुवार
योजना मंजूर! वरच्या ऑफिसने शेरा मारलाय, 'कलम ७ विशेष स्तुत्य.' कलम आठ टाकायचं राहिलं. दुरुस्ती म्हणून पाठवता येईल. या गडबडीत विचारायचंही राहिलं.

९ एप्रिल, गुरुवार
समारंभ. मुद्दाम गुरुवार धरला, म्हणजे त्या असतील. होत्या. पहिल्या रांगेत, मोरपंखी साडी. मी निळ्या शर्टात. हॉलमध्ये ऐंशीएक माणसं. हमीपत्रावर टाळ्यांच्या गजरात सही केली. बेत असा होता, की कार्यक्रम संपला की चहाच्या वेळी गाठायचं आणि कलम आठची कल्पना देऊन विचारायचं.

तर साहेबांनी मध्येच माइक माझ्या तोंडासमोर धरला. म्हणाले, सांगा सगळ्यांना, खरंच कधी लग्न करणार नाही? ऐंशी माणसं बघतायत, फोटोग्राफर गुडघ्यावर बसलाय. मी काय करणार? म्हणालो, कधीच नाही! हा देश हेच माझं कुटुंब!

प्रचंड टाळ्या. सगळ्यांत जास्त वेळ स्टोअरकीपर वाजवत होता. नर्सबाईंनी मात्र मान खाली घातली. भारावल्या असाव्यात. चहाला थांबल्या नाहीत.

भेटवस्तू स्टोअरमधल्या शिलकीतून दिली. बारा जणांचा डिनर सेट.

रात्री ८.००
आई डिनर सेटकडे बघतच राहिली. मुलं नसल्याबद्दल बक्षीस देतात होय, असं तिने तीनदा विचारलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, यात कसला आलाय पराक्रम, म्हणाली. तिच्या पिढीला धोरणाची दृष्टी नाही.

उल्लंघनने बाराही प्लेट्स जमिनीवर मांडल्या आणि पंगत बसवली. बाहुल्या, चमचे, माझी चप्पल. एक प्लेट रिकामी ठेवली. ही कुणाची, विचारलं तर म्हणाली मामीची. तिला सांगितलं, मामी नियमात बसत नाही. ती म्हणाली, मग शेजारी बसव.

१० एप्रिल
खिडकीजवळचं टेबल मिळालं! एकोणीस वर्षांनी पाठीला वारा. इथून मेन गेट सरळ दिसतं. दर गुरुवारी त्या येताना दिसणार.

१६ एप्रिल, गुरुवार
११.२० : नर्सबाई आल्या. ११.३५ : तक्ता दिला. आज पेन मागितलं नाही, स्वतःचं आणलं होतं. १२.१० : गेल्या. स्टोअरकीपर गेटपर्यंत त्यांची छत्री धरून गेला. छत्री सरकारी मालकीची असेल, स्टोअरचा माणूस बरोबर लागतोच.

कलम आठ पुढच्या आठवड्यात.

२३ एप्रिल, गुरुवार
त्या स्टोअरकीपरच्या स्कूटरवरून गेल्या. एका वाहनावर दोन माणसं, म्हणजे पेट्रोलची बचत. आमच्या धोरणाशी सुसंगतच आहे.

जेवण गेलं नाही. वजन कमी व्हायला मदत.

३० एप्रिल, गुरुवार
कलम आठ घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, ही अपवादात्मक परिस्थिती कुणाची? मी म्हटलं, सर्वसाधारणपणे कुणाचीही. ते म्हणाले, सन्मान घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले आणि आता नियम बदलतोस, लोक शेण घालतील तोंडात.

ठीक आहे. आता आर या पार. सन्मान परत करीन, टेबल परत करीन, अकरा प्लेट्स परत करीन (एक उल्लंघनने फोडली). पण पुढच्या गुरुवारी विचारणार. शर्ट निळा. कांदा नाही. वाक्य पाठ आहे.

७ मे, गुरुवार
सकाळी ९.०० : शर्ट इस्त्रीचा. नाक मोकळं.

११.२० : त्या गेटमधून आल्या. आणि सरळ माझ्या टेबलाकडेच आल्या! मी उभा राहिलो. वाक्य ओठांवर होतं. त्यांनी पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

पत्रिका. त्यांची आणि स्टोअरकीपरची.

म्हणाल्या, पहिली पत्रिका तुम्हालाच द्यायची असं दोघांनी ठरवलं होतं. मग म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही माइकवर इतकं स्पष्ट बोललात ते फार बरं झालं. त्याआधी त्यांच्या मनात थोडा वेगळाच विचार होता. दोन-अडीच महिने त्या वाट बघत होत्या, की कुणीतरी काहीतरी विचारेल. पण माणूस ठाम असला की दुसऱ्यालाही ठरवणं सोपं जातं. एवढं बोलून हसल्या.

तेवढ्यात स्टोअरकीपर पेढे घेऊन आला. म्हणाला, कलम सात वाचलं नसतं तर तो अजून लटकतच राहिला असता. वाचल्यावर त्याला कळलं, की अशी सही आपल्याच्याने होणार नाही.

मी अभिनंदन केलं. पेढा घेतला. खिडकीतून ऊन फार येतं. पडदा लावून घेतला.

८ मे
रजा. कारण : सर्दी.

९ मे
आईला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने चहा करून आणला, त्यात साखर जास्त होती. मग म्हणाली, मेल्या, तुझा तूच पायावर धोंडा पाडून घेतलास. आणि आत गेली. फार वाईट वाटतंय. इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

२५ मे
अघटित! धोरण उलटं झालं. जन्मदर अपेक्षेपेक्षा फारच खाली गेल्याने वरचे लोक घाबरलेत. आता जास्तीत जास्त लोकांनी लवकरात लवकर संसार थाटायचा आहे. बाहेरच्या बोर्डावरचं 'नियंत्रण' खोडून पेंटर 'संवर्धन' लिहितोय. शून्य अपत्य योजना रद्द. नवी योजना, नवविवाहित दांपत्य सन्मान. नियमावली मीच लिहायची, अनुभव आहे म्हणून.

म्हणजे कलम सातही रद्द. मी मोकळा झालो. लग्न कालच लागलं त्यांचं.

२९ मे
दांपत्य सन्मान समारंभ. पहिलं दांपत्य तेच दोघे. स्वागताचं भाषण माझं. बरं झालं म्हणतात. भेटवस्तू तोच डिनर सेट, माझ्याकडून परत घेऊन. स्टोअरकीपरने प्लेट्स मोजल्या, अकरा भरल्या. तरी पावतीवर बारा लिहिल्या. माणूस वाईट नाही. खिडकीजवळचं टेबलही आता त्याचं. मी पुन्हा रेकॉर्ड रूमच्या दारापाशी.

४ जून, गुरुवार
नोटीस आली. चाळिशी ओलांडलेल्या अविवाहित कर्मचाऱ्यांनी लग्न न करण्याचे कारण सात दिवसांत लेखी कळवावे. सगळ्या ऑफिसात असा कर्मचारी एकच.

लगेच उत्तर दिलं : तत्कालीन धोरणास अनुसरून. साहेबांनी परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, हमीपत्र एप्रिलचं आहे, त्याआधीच्या वीस वर्षांचं काय?

मुद्दा बरोबर आहे.

१० जून, बुधवार. संध्याकाळी ७.००
सात कारणं लिहिली, सातही खोडली. देशसेवा. कामाचा ताण. आईची प्रकृती (आई ठणठणीत आहे, खोटं लिहिलं तर ऑफिसात येऊन सांगेल). लॉन्ड्री.

उल्लंघन मांडीवर येऊन बसली. काय लिहितोस, म्हणाली. सांगितलं, मामी का नाही ते लिहितोय. तिने विचारलं, तू कुणाकुणाला विचारलंस? म्हटलं, कुणालाच नाही.

'मग?' एवढंच म्हणाली, आणि पेन घेऊन पळाली. टोपण मात्र मला ठेवून गेली.

११ जून, गुरुवार
उत्तर दिलं. एकच ओळ : विचारायचं राहून गेलं.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. म्हणाले, उत्तर तीन प्रतींत लागतं. कार्बन चालत नाही, प्रत्येक प्रत स्वहस्ते. हा नियम मीच सहा वर्षांपूर्वी केला होता.

११.२० ला गेटचा आवाज आला. इथून गेट दिसत नाही.

बसून तिन्ही प्रती लिहिल्या. पहिलीची ओळ वाकडी गेली. तिसरीचं अक्षर चांगलं आलं.