रेषेला जाडी नसते

९ फेब्रुवारी, रविवार, दुपार

भाऊजींस नमस्कार.

'तीर्थरूप' लिहायला हात आपोआप गेला होता, तो आवरला. एवढ्यावरून पत्राचा नूर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही भिंतीच्या पलीकडे राहता, मी अलीकडे, तरी तुमचं पत्र पोस्टानं आलं. पोस्टमन म्हणाला, सरांचा खोकला इथवर ऐकू येतो आणि पत्र पोस्टानं होय? मी म्हटलं, खोकला येतो, बोलणं येत नाही. मीही हे पोस्टातच टाकणार आहे.

खुशाली विचारली आहेत म्हणून सांगते. गुडघा बरा आहे. मोरीचा नळ एकदाचा गळायचा थांबला. बाइंडिंगच्या कारखान्यात अजून जाते. मालकांनी पाठ टेकायची खुर्ची दिली आहे, तिच्यात मला बसवत नाही, मी स्टुलावरच बसते. घरी राहून काय करू? हातांना घड्या घालायची सवय लागली आहे. रिकामे राहिले की ते पदराला घड्या घालत बसतात.

आता तुमच्या कामाचं. भूमितीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती महिनाअखेर छापायला जाणार. तेविसाव्या पानावर तुम्हाला यांचा फोटो हवा आहे, हातात ओळंबा धरलेला, आणि खाली 'माझा कै. धाकटा बंधू' असं छापायचं आहे. फोटो आहे. एकच आहे. तो देते की नाही, हे तुम्ही उलट टपाली कळवायला सांगितलंत. मी तीन आठवडे घेतले.

तुम्हाला वाटत असेल, हिनं कुठलं पुस्तक पाहिलंय. बरोबर आहे, तुम्ही मला दिलं नव्हतंत. पण पहिली आवृत्ती आमच्याच टेबलावर आली होती. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं, काही उलटी, काही सुलटी. त्याला फर्मा म्हणतात. तीन घड्या घातल्या की पानं ओळीनं लागतात. मी वीस वर्षं अशीच वाचत आले. घडी घालायच्या आधी एक फर्मा वाचून काढायचा. कायद्याच्या पुस्तकाचा मधलाच भाग, कादंबरीचा खून झाल्यानंतरचा. खून कोणी केला ते शेजारच्या बाईच्या फर्म्यात असायचं आणि तिला वाचता येत नव्हतं. तुमच्या पुस्तकाचे मात्र सहाही फर्मे मी मागून घेऊन वाचले. चौथी शिकलेल्या बाईला तुमचं पुस्तक कळलं, हे तुमच्या पुस्तकाचं कौतुकच समजा.

पुस्तक चांगलं आहे. खोटं कशाला बोलू. बिंदू म्हणजे नुसतं ठिकाण, त्याला लांबी नाही, रुंदी नाही. आपण पेन्सिलीनं काढतो तो बिंदू नव्हे, ठिपका. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि तिला दोन्हीकडे शेवट नसतो. आपण आखतो तो तिचा तुकडा. हे वाचून मी हातातल्या कागदाला घडी घातली आणि पाहत बसले. घडीला लांबी आहे, जाडी कुठं आहे? मालक म्हणाले, कागदाला नजर लावताय का. आणि प्रतल. ते सपाट असतं आणि चहूकडे पसरतच जातं, टेबलाचा पृष्ठभाग हा त्याचा लहानसा भाग. एका ओळीत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, हे मला खळीचं भांडं ठेवायच्या तीन पायांच्या तिवईनं आधीच शिकवलं होतं. जमीन कशीही असो, ती डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली आम्ही पुठ्ठा सारतो.

मग दुसरा फर्मा आला. त्यात पान तेवीस. तुमचंच लिहिलेलं तुम्हाला उतरवून देते, विसरला असाल तर:

'दोन भावांनी घराच्या बोळाची वाटणी करायचे ठरवले. थोरल्याने जमिनीवर दोन बिंदू दिले. धाकटा गवंडी होता, त्याने त्यांतून रेषा आखली. रेषेला जाडी नसते. त्यामुळे तिने कोणाचीही जागा घेतली नाही आणि भावांमध्ये कधीही वाद झाला नाही.'

या पानाला मी अकराशे वेळा घडी घातली. हे जाऊन तेव्हा सात महिने झाले होते.

वाद झाला नाही हे खरं आहे. तुमचा भाऊ नाकासमोर चालणारा माणूस. तुमचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. वाद घालायला समोर कोणी लागतं, तुम्ही तर त्यांच्या डोक्यावर होतात. तुमच्या शिकवणीला मुलं येतात, आमच्या भांड्यांचा आवाज होतो, तेव्हा सात फुटी बोळात मधोमध भिंत घालू, हे तुम्ही बोललात आणि दुसऱ्या दिवशी विटा आल्या. भिंत बांधणाराही घरचाच.

पण रेषा घालून तुम्ही थांबला नव्हतात ना. तिच्यावर भिंत आली. नऊ इंची, दोन्ही अंगांचा गिलावा धरून दहा. ती पुस्तकात कुठं गेली? सात फूट म्हणजे चौऱ्याऐंशी इंच. निम्मे बेचाळीस. तुमच्या बाजूला आजही बेचाळीस आहेत, पुस्तकांची कपाटं लावूनही तुम्ही सरळ चालता. आमच्या बाजूला बत्तीस. मी मोजले आहेत, तीनदा, आणि टेप यांचाच होता.

फोटोबद्दल लिहायचं होतं, भलतीकडेच गेले. फोटो शाळेच्या इमारतीच्या कामावरचा आहे. ओळंबा लोंबतोय आणि हे त्याच्याकडे बघताहेत, कॅमेऱ्याकडे नाही. फोटो काढणारा मुकादम ओरडत होता, मिस्त्री, इकडे बघा. हे म्हणाले, तो स्थिर होऊ दे आधी.

आता तेही लिहितेच, नाहीतर पत्र पुरं होणार नाही.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला यांच्या छातीत कळ आली. अकराच्या आत गाडी आली. दोघं जण स्ट्रेचर घेऊन आले आणि यांना त्यावर घालून खोलीतून बोळात वळताना तो अडकला. पुढचा कोपरा तुमच्या भिंतीला, मागचा दाराच्या चौकटीला. मागे घेतला, पुन्हा लावला, पुन्हा अडकला. गिलाव्याचा टवका उडाला, तो अजून तसाच आहे. तुम्ही आवाज ऐकून पुढच्या दारातून आलात. चष्मा कपाळावर होता. तुम्ही दोन मिनिटं पाहिलंत आणि म्हणालात,

"एका प्रतलात वळणार नाही तो. उभा करा, मग वळवा."

तेव्हा मला प्रतल माहीत नव्हतं. मला वाटलं, सर काहीतरी औषधाचं सांगताहेत.

त्यांनी उभा केला. पट्टे बांधलेला माणूस भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखा उभा राहिला. यांची मान एका बाजूला गेली. यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले. गाडीत घातलं तेव्हा श्वास होता, दवाखान्याच्या दारात नव्हता. डॉक्टरांना मी विचारलं, आडवंच नेलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. प्रामाणिक माणूस. मीही तुम्हाला त्यापेक्षा जास्त काही म्हणत नाही. फक्त गेल्या आठवड्यात मी पुठ्ठ्यावर बोळ आखला, इंचाला पट्टीवरची एक बारीक रेघ धरून, आणि त्याच मापानं स्ट्रेचर कापला. बत्तीस इंचाच्या बोळात तो अडकतो. सदतीसच्या बोळात घासत घासत वळतो. भिंत निम्मी निम्मी घेतली असती तर दोघांनाही सदतीस आले असते. हे मला तुमच्या पुस्तकानं करायला शिकवलं.

इथवर तुमचं झालं. आता माझं.

पुस्तकात तुम्ही दोन भाऊ लिहिलेत. तिथं माणसं तीन होती. दोरीचं एक टोक यांच्या हातात होतं, दुसरं मी धरलं होतं. हे म्हणाले होते, दादा, भिंत रेघेवर बसते, निम्मी इकडे, निम्मी तिकडे. तुम्ही हसलात. अगदी मायेनं हसलात, वर्गात हसत असाल तसे.

"ती तुझी रेघ झाली. मी रेषा म्हणतोय. रेषेला जाडीच नाही, तिच्यावर बसणार काय? भिंत एका बाजूलाच येणार. तू बांधणारा, तुझ्या बाजूला घे."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं भाऊजी. वीस वर्षं गवंड्याच्या घरात काढलेल्या बाईला भिंत कुठं बसते हे ठाऊक असतं. शिवाय हे फक्त माझ्याकडे पाहून थांबले होते. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी तुमचं ऐकलं नसतं, तेवढं एकदा तरी ऐकलं नसतं.

मी म्हटलं, "सर सांगतात तर तसंच असेल."

का म्हटलं, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. मला यांच्या 'रेघ' म्हणण्याची लाज वाटली. तुम्ही रेषा म्हणालात, हे रेघ म्हणाले, आणि मला वाटलं, मी वाचणारी बाई, मी रेषेच्या बाजूला उभी राहायला हवी. चुन्यानं फाटलेले ते हात तुमच्यापुढे खरं सांगत होते आणि मी शुद्ध शब्दाच्या मागे गेले. यांनी दोरी पाच इंच अलीकडे घेतली, म्हणजे अख्खी भिंत आमच्याकडे. मीही माझं टोक सरकवलं.

तेव्हा तुम्हाला एकट्याला फासावर चढवायला हे पत्र लिहिलेलं नाही. पण माझ्या वाट्याचं मी उचललं म्हणून तुमच्या वाट्याचं कमी होत नाही. तुम्ही चुकला नव्हतात. तुम्हाला ठाऊक होतं. भिंत म्हणजे रेषा नव्हे, हे तुम्ही एकविसाव्या पानावर स्वतः लिहिलं आहे: 'आखलेली रेघ ही रेषेचे केवळ चित्र असते.' मुलांना शिकवताना आठवलं, भावाशी बोलताना आठवलं नाही.

फोटोचं उत्तर असं. उदाहरण आहे तसं राहणार असेल तर फोटो मिळणार नाही. फोटोशिवाय छापायचं म्हटलंत तरी हा माणूस 'वाद झाला नाही' या तीन शब्दांत शाळाशाळांतून फिरवू देणार नाही. छापखान्याच्या मालकांना मी ओळखते आणि तुमच्या शाळेचा पत्ताही मला पाठ आहे. उदाहरण बदलणार असाल तर मजकूर मीच लिहून देते, तुमच्याच भाषेत:

'दोन भावांनी सात फुटी बोळात मधोमध भिंत घालायचे ठरवले. भिंतीची जाडी दहा इंच. धाकटा गवंडी होता. तो म्हणाला, पाच इंच तुझे, पाच माझे. थोरल्याने ते मानले नाही, सगळी भिंत धाकट्याच्या बाजूला आली. धाकट्याच्या बायकोला खरे माहीत होते, ती बोलली नाही. तर धाकट्याकडे किती जागा उरली?'

शेवटच्या पानावर उत्तरं देता, तिथं 'बत्तीस इंच' एवढंच लिहा. जास्त काही नको. मुलं हुशार असतात, पुढचं विचारतील. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, शिकवण्याचा धंदा तुमचा आहे.

हे छापलंत तर फोटो तुमचा, आणि खाली बंधूच लिहा, मी हरकत घेणार नाही. नाही छापलंत तरी कळायला वेळ लागणार नाही. दुसरा फर्मा माझ्याच टेबलावर येतो आणि वाचल्याशिवाय मी घडी घालत नाही.

गवंड्याची बायको