देवापुढच्या तीन हसण्यांची वाटणी

मी, इसाबुरो कुवाहाता, वय चौऱ्याऐंशी, धंदा भातशेती, राहणार किजिदानी, जिल्हा यामागुची, जपान, डोकं ठिकाणावर आणि गुडघे सोडून बाकी सगळं चालू असताना, कुणी कानाशी न लागता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो.

कलम एक. घर आणि ओढ्याकाठचं शेत मुलगा योशिहारू याला. बँकेत उरेल ते दोघा भावंडांना सारखं.

कलम दोन. विळे आणि पेंढा कुटायची लाकडी मोगरी मुलगी नात्सुए हिला. देवळाच्या दारावरचा गवती दोर डावा पीळ देऊनच वळायचा असतो. योशिहारूने एकदा उजवा पीळ दिला आणि वर्षभर देवाच्या दारात बैल बांधायचं दावं लोंबत होतं.

कलम तीन. संत्र्याचं झाड नात्सुएला. शेजारी गेन्पेई निशिओका चाळीस वर्षं त्याची संत्री चोरतो. तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही द्यायचं नसतं म्हणतात, म्हणून त्याला काही देऊ नये. तो कुंपणाशी आला, की नात्सुएने आत जाऊन चहा ठेवावा.

कलम चार, मुख्य. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्या घरचा थोरला मुलगा देवापुढे तीनदा हसतो. यंदाच्या भातासाठी, पुढच्या भातासाठी, आणि वर्षाचं दुःख विसरण्यासाठी. हसू पोटातून आलं तरच गेन्पेई नगारा वाजवतो. नाहीतर ओरडतो, "पुन्हा!"

माझी बायको तोमिए गेली त्या वर्षी माझं तिसरं हसू त्याने आठदा परत पाठवलं. मग म्हणाला, "इसा, लेका, हे हसतोयस की बोक्याला उलटी होतेय? वहिनी असत्या तर झाडू घेऊन धावल्या असत्या!" तेव्हा खरं हसू आलं. नगारा वाजवताना तोही डोळे पुसत होता. तरी 'बोका' मी माफ केलेलं नाही. ते वैर योशिहारूला देतो, जपून वापरावं.

योशिहारू करखात्यात आहे. गेल्या वर्षी त्याने सराव केला, "हॅ, हॅ. बाबा, बरोबर?" गेन्पेई म्हणाला, "पावती फाडतोयस का रे?" नात्सुए हसली की तळ्यावरचे बगळे उडतात. म्हणून रिवाज मोडून हा मान मी तिला देतो, तोही आजपासून. घरात मयत झालं की पन्नास दिवस घरच्यांना देवळाची कमान ओलांडता येत नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय दमलंय. तेव्हा त्या रविवारपर्यंत, म्हणजे आणखी चौदा दिवस, न मरण्याची जबाबदारी माझी. पुढे मी मोकळा.

सही करायच्या आधी गेन्पेई अडला. "बाईमाणूस? आजवर झालं नाही. आणि हे काय, मी संत्री चोरतो?"

"काका, खिशात काय आहे?" नात्सुएने विचारलं.

त्याने खिशावर हात ठेवला आणि संत्रं घरंगळत साक्षीला बसलेल्या पुजाऱ्यांच्या मांडीशी गेलं. नात्सुए अशी हसली, की पुजाऱ्यांचा चहा सांडला. या कागदावरचा डाग त्याचाच आहे, खाडाखोड समजू नये.

सही व शिक्का : इसाबुरो कुवाहाता
साक्षीदार : मात्सुनामी, पुजारी
साक्षीदार : गेन्पेई निशिओका. नगारा जवळ नसल्याने भाताच्या भांड्याचं झाकण वाजवलं. हसू मंजूर.

किजिदानी, १९ नोव्हेंबर २०२३