कोंबडीच्या पायातली दोरी

माय, आज मी शाळेत कोंबडीचा पाय घेऊन गेले होते. हसू नकोस. चिकनच्या दुकानातून मागून आणला, धुतला, कागदात गुंडाळला आणि आठवीच्या वर्गात टेबलावर ठेवला. कापल्या जागेतून डोकावणारी पांढरी दोरी ओढली, तशी बोटं मिटली आणि पोरं एकदम मागे सरली. मग फळ्यावर डायनासोर काढला. माझी चित्रकला तुला ठाऊकच आहे, गाढव निघालं. पण सांगितलं, की खडकांत पिसांच्या खुणा असलेले डायनासोर सापडलेत, आणि आपल्या अंगणातल्या कोंबड्या त्यांच्याच वंशातल्या, असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

ती दोरी मला तूच दाखवली होतीस. पाहुणे आले की तू कोंबडी कापायचीस, पाय चुलीवर भाजून खवले सोलायचीस, आणि त्याआधी माझ्यासाठी एकदा दोरी ओढायचीस. मी आठवीत होते तेव्हा आमचे विज्ञानाचे सर जेवायला आले. रस्सा वाढता वाढता तू म्हणालीस, "सर, कोंबडी घोरपडीच्या खानदानातली दिसते मले. पाय पाहा न तिचा. तेच खवले, तेच नखं." सरांच्या आधी मी हसले. मोठी शहाणी ना मी! म्हणाले, "माय, तुले काय समजते? पक्षी वेगळे, सरपटणारे वेगळे. पुस्तकात आहे." सर मान खाली घालून जेवत राहिले. तू वाटी ठेवलीस, पदर सारखा केलास आणि चुलीपाशी गेलीस. त्यानंतर ती दोरी तू मला कधी दाखवली नाहीस. घोरपड कोंबडीची आई नव्हे, हे खरं; पण गणगोत एकच. एक अक्षर न शिकता, नुसत्या डोळ्यांनी तू तिथवर पोचली होतीस, आणि मी तुझं तोंड बंद केलं. लाज वाटते, माय.

परतताना दिग्रसच्या बसमध्ये डोळा लागला. शेतातल्या पऱ्हाटीच्या ओळींमधून एक भलंमोठं जनावर चाललंय. अंगभर तपकिरी पिसं, पावलागणिक मान पुढे-मागे, आपल्या तलंग कोंबडीसारखी. तू बांधावर उभी आहेस, ओच्यात ज्वारी, "आ आ आ" म्हणून त्याला बोलावतेस. ते येतं, वाकतं, तुझ्या हातातले दाणे हळूच टिपतं. तू त्याचा पाय बघतेस, मग माझ्याकडे बघतेस.

तुला वाचता यायचं नाही. घरी आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचे, आणि हे तुझ्यासमोर वाचायचा धीर मला नाही, त्यामुळे हे पत्र माझ्या धड्यांच्या टाचणवहीतच राहणार. पण एक सांगायचं राहिलं. तास संपताना मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "बाई, हे पायाचं तुमाले कोणं दाखोलं?" सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. तू ओठांवर आली होतीस, माय. आणि मी म्हणाले, "पुस्तकात आहे."