इंदूचा जबडा

नांदेड, ५ बहमन १३५३ फसली (डिसेंबर १९४३)

मेहुण्याच्या मुलाचं लग्न आटोपून काल लातूरहून परतलो. इंदू तिथे पंगतीला बसलीच नाही. शोधलं, तर मागच्या पडवीत एकटी — पोळी आमटीत कुस्करून पदराआड गिळत होती! सतरा वर्षांची माझी मुलगी. खालचा जबडा पुढे. समोरचे दात एकमेकांना भिडतच नाहीत, घास तोडता येत नाही. दोन वर्षांत किती वाळली! शाळेत सगळ्या पोरांकडे माझं लक्ष असतं. घरातलं हे दिसलं नाही? की दिसलं आणि मी लाजलो?

१९ बहमन

हैदराबादला दाखवून आणलं. दातांचे डॉक्टर ईश्वरप्पा शांतपणे सांगतात. तारेनं दात हलतील, जबडा नाही. लहानपणीच आणली असती तर पट्टा बांधून वाढ रोखता आली असती. आता आशा थोडी, तरी दोन महिने बांधून पाहा म्हणाले. नाहीच जमलं तर शस्त्रक्रिया — दोन्हीकडे हाड कापून जबडा मागे घ्यायचा, मग सहा आठवडे दात तारेनं बंद. खालचा ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. क्लोरोफॉर्मची भीती वेगळीच.

"घाई करू नका, मास्तर."

पट्टा घेऊन आलो.

२० बहमन

हनुवटीखालून डोक्यावर पट्टा बांधला. इंदूची आई, तुळजा, ताट सोडून उठली. "सोडा आधी! मढ्याचं तोंड बांधत्यात असं!"

मी हसलो. हसायला नको होतं. खरंच तसंच दिसत होतं.

११ इस्फंदार

पट्टा काचतो का, विचारलं.

"काचत न्हाई, अप्पा. पर त्यो जबडा मागं वढतो, तवा मीबी मागं जाते."

"कुठे?"

"मागं."

तुळजा म्हणाली, "उपाशीपोटी डोकं फिरून राहिलं पोरीचं." तसंच असावं.

१४ इस्फंदार

पट्टा तिसऱ्यांदा उसवला. दोरा जाड होता!

१८ इस्फंदार

आज जुम्मा, शाळेला सुट्टी. दुपारी इंदू झोपली होती. सहज पाहिलं — हनुवटी पट्ट्याला रेटत होती. हिसका नाही, थरथर नाही. आतून कुणी दार लावून धरावं तशी, एकसारखी. श्वास मात्र गाढ झोपेचा.

मी बोटानं हनुवटी जरा मागे लोटली. बंद तोंडातून शब्द आला — "थांब."

मला ती थांबा म्हणते. मग हे कुणाला?

झोपेत माणूस काहीही बरळतं. हे लिहितो आहे, म्हणजे माझंच मन मानत नाही.

३ फरवर्दी

इंदू आडावर चक्कर येऊन पडली. काठावर, पाण्यात नाही — नशीब! आता थांबणं नाही. शस्त्रक्रियेचं ठरवलं.

"नका कापू, अप्पा. मी धरून हाय तोवर बरं हाय."

"काय धरलंयस गं? पातेलं?" तिची आई म्हणाली. इंदू हसली. मग खूप रडली. मी समजूत काढली. तिच्या घासासाठी कापतो आहे, की चारचौघांतल्या माझ्या लाजेसाठी? प्रामाणिक उत्तर सापडत नाही.

हैदराबाद, २१ फरवर्दी

कापलंच नाही!

क्लोरोफॉर्म भिनला आणि जबडा आपोआप मागे सरकला. दातांवर दात नेमके बसले. ईश्वरप्पा घाम पुसत बाहेर आले. "हाड ठीक आहे, मास्तर. तुमची मुलगी स्वतःच जबडा पुढे धरून ठेवते. सवय!"

"झोपेतसुद्धा?"

"सवय झोपेतही सुटत नाही. गुंगीत सुटते." मग हळू आवाजात, "पहिल्यांदा तपासलं त्या दिवशी मी हातानं रेटून पाहिलं होतं. तसूभर हलला नव्हता."

तुळजानं माहूरच्या रेणुकेला नवस बोलला. इंदू अजून गुंगीत आहे. चेहरा सुरेख दिसतो. माझ्या ओळखीचा नाही, पण सुरेख.

२२ फरवर्दी

सकाळी शुद्धीवर आली. जबडा जागेवरच आहे. दोन भाकरी खाल्ल्या — दातांनी तोडून, सावकाश. पाणी प्याली, तोंड पुसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इंदू उठली न्हाई का अजून?"