ढिलं अस्तर

मंगळवार, संध्याकाळ

आज बॅग फुटली नाही! चाकणच्या आमच्या कारखान्यात दोन महिने मी पावडर भरलेली कागदी बॅग उंचावरून टाकून बघतेय. दरवेळी आतलं प्लास्टिकचं अस्तर कोपऱ्यातच फाटायचं, आणि मी प्लास्टिक आणखी जाड करायची.

काल पॅकिंगच्या सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, अस्तर तंग हाय. मी ब्लाउज शिवते ना, अस्तर जरा ढिलं ठेवावं लागतं, न्हाईतर उसवतं."

आज अस्तर दोन इंच मोठं कापलं. बॅग पाचदा टाकली, कोपरा शाबूत. इतकं साधं मला का सुचू नये?

ड्रॉइंगवर माझ्या नावाशेजारी 'सुमन' लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी नीट वाचलं आणि म्हणाल्या, "आडनाव बी लिवा."